बातम्या कुठवर जातात आणि कुठून येतात

पंधरा मिनिटांचं मराठी बातमीपत्र घ्या आणि महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत सारखं वाटा. प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला येतात २५ सेकंद. त्यातच 'नमस्कार', ठळक बातम्या, हवामान आणि क्रिकेट बसवायचं. दिल्लीची एकही बातमी घ्यायची नाही. असं वाटप अर्थातच कुणी करत नाही, आणि करत नाही म्हणूनच काही जिल्हे रोज दिसतात तर काही फक्त पुरात, नाहीतर उन्हाळ्यात. ब्रह्मपुरी हे गाव राज्यातल्या कित्येकांना केवळ तापमानाच्या यादीमुळे ठाऊक आहे. तिथं माणसंही राहतात, याची बातमी क्वचितच होते.

प्रादेशिक बातम्यांची 'पोहोच' म्हटलं की आपण एकच प्रश्न विचारतो: किती घरांत दिसतात? तेवढाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे बातम्या येतात कुठून. गंमत अशी की गेल्या पन्नास वर्षांत या दोन्ही दिशा कधीच एका वेगानं वाढल्या नाहीत. हे समजायला मुंबई दूरदर्शनच्या संध्याकाळच्या 'बातम्या'सारखं दुसरं उदाहरण नाही. आणि एक गाव हाताशी ठेवू: सिरोंचा. गडचिरोलीचं दक्षिण टोक, मुंबईपासून हजारेक किलोमीटर, नागपूरपेक्षा हैदराबादला जवळ. समजा सिरोंच्यात पूर आलाय. तो टीव्हीवर कधी दिसेल?

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. भारतात टीव्ही त्याआधी तेरा वर्षं होता, पण फक्त दिल्लीत. मराठी बातम्या देण्याची पद्धत आकाशवाणीकडे तयारच होती. पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांवर अख्ख्या राज्याची घड्याळं लागायची. टीव्हीनं तोच बाज उचलला: संथ स्वर, स्वच्छ उच्चार, भावना शून्य. दूरदर्शन तेव्हा आकाशवाणीचाच भाग होतं, ते वेगळं झालं १ एप्रिल १९७६ ला. त्यामुळे सुरुवातीच्या टीव्ही बातम्या म्हणजे बऱ्याच अंशी 'चेहरा दिसणारा रेडिओ' होत्या.

पण चेहऱ्यानं फरक पडला. विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे ही नावं घरातल्या माणसांसारखी झाली. स्मिता पाटीलही आधी इथंच बातम्या वाचायची, आणि श्याम बेनेगलांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते याच पडद्यावर. ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असा किस्सा तिच्या ओळखीचे लोक सांगत आलेत. कॅमेरा कमरेखाली जातच नसे, तर काय बिघडलं?

त्या काळी बातमीचं चित्रण म्हणजे १६ मिलिमीटरची फिल्म. ती शूट करायची, धुवायची, कापायची, जोडायची. बरीचशी फिल्म मुकी असे, निवेदक तिच्यावरून मजकूर वाचे. म्हणजे दुपारी चारनंतर घडलेल्या गोष्टीचं चित्र संध्याकाळी दिसणं जवळपास अशक्य. मुंबईत घडलेल्या गोष्टीचं! सिरोंच्याच्या पुराचं चित्र येण्याचा प्रश्नच नव्हता. आली तर सरकारी दूरध्वनीवरून दोन ओळींची माहिती येणार आणि तीही 'चंद्रपूर जिल्ह्यात' एवढीच, कारण गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये.

आणि गेली ती बातमी, तरी बघणार कोण? इथं जरा भूमितीत शिरावं लागेल, पण सोपी आहे.

टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल. त्यामुळे मनोरा जितका उंच, तितकं त्याचं 'क्षितिज' लांब. ढोबळ हिशोब असा: उंचीचा मीटरमधला आकडा घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, ४.१ नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. वरळीचा मनोरा साधारण ३०० मीटर. वर्गमूळ १७.३, म्हणजे अंतर सुमारे ७१ किलोमीटर. तुमची अँटेना जमिनीपासून १० मीटरवर असेल तर तिचं स्वतःचं क्षितिज आणखी १३. बेरीज ८४. एवढ्या परिघात डोंगर आडवा नसेल तर चित्र स्वच्छ.

पण महाराष्ट्रात डोंगर आडवा असतोच. मुंबईतून पूर्वेला निघालेली लहर घाटाच्या भिंतीवर आपटते. ठाणे, अलिबागपर्यंत ठीक. घाटमाथ्याच्या मागं सावली. ऊन जसं डोंगरामागं पोहोचत नाही तसंच. म्हणून १९७३ मध्ये पुण्यासाठी सहक्षेपण सुरू झालं ते सिंहगडावरून. मुंबईचा कार्यक्रम पकडायचा आणि ताकद वाढवून पुन्हा सोडायचा, याला सहक्षेपण म्हणतात. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर आणि आजूबाजूच्या सपाटीपासून साडेसातशेच्या घरात. म्हणजे वरळीच्या मनोऱ्याच्या दुपटीहून उंच जागा, तीही फुकट. शिवकाळात गड ज्या कारणासाठी मोलाचे होते, त्याच कारणासाठी टीव्हीला हवे झाले: तिथून लांबवर दिसतं.

तर पहिल्या दहा वर्षांत 'मराठी बातम्या' म्हणजे मुंबई, पुणे आणि त्यांच्या आसपासचा पट्टा. राज्याच्या नकाशावर बोट ठेवलं तर एक कोपरा झाकला जाईल, एवढाच. नाव महाराष्ट्राचं, प्रेक्षक दोन शहरांचे. त्यातही टीव्ही संच महाग, आणि तो बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. मला वाटतं, या बातम्यांचा शहरी तोंडवळा, ती सदाशिव-पेठी भाषा, इथंच ठरली. प्रेक्षक ज्या पट्ट्यातले, बातमीही त्याच पट्ट्यातली. पुढं पोहोच वाढली तरी तोंडवळा लवकर बदलला नाही.

पुढचा टप्पा विचित्र आहे आणि लोक तो विसरतात. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या वर्षात रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. मग इन्सॅट-१बी उपग्रह आला आणि १९८४ च्या आसपास देशभर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचा धडाका लागला. छोटा, १०० वॅटचा प्रक्षेपक. पंधरा-वीस किलोमीटरची झेप. तालुक्याच्या गावी एक बशी, एक खोली, एक मनोरा. बशी उपग्रहाकडून कार्यक्रम घ्यायची, मनोरा गावाला द्यायचा.

पण उपग्रहावर काय होतं? दिल्ली. मुंबईचा कार्यक्रम तेव्हा उपग्रहावर चढवला जात नव्हता. परिणामी मराठवाडा-विदर्भातल्या कित्येक तालुक्यांत टीव्ही आला तो हिंदी-इंग्रजी बातम्या घेऊन. राजधानीत पंतप्रधान कुणाला भेटले हे दिसे, शेजारच्या जिल्ह्यातलं धरण भरलं की नाही हे दिसत नसे. दिल्ली जवळ आली आणि मुंबई तिथंच राहिली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचा प्रादेशिक कार्यक्रम उपग्रहावरून राज्यातल्या प्रक्षेपकांना मिळू लागला, तेव्हा कुठं 'सातच्या बातम्या' खऱ्या अर्थानं राज्याच्या झाल्या. अंबाजोगाईसारख्या ठिकाणच्या मोठ्या, १० किलोवॅटच्या मनोऱ्यांनी मग भोवतालचे जिल्हे कवेत घेतले.

उपग्रहानं अंतराचा अर्थच बदलला. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथून पाहिलं तर दादर आणि सिरोंचा यांत फरकच नाही. वरळीहून सिरोंच्याला जायला डोंगर, नद्या, जंगल पार करावं लागतं. वरळीहून उपग्रह आणि उपग्रहाहून सिरोंचा या वाटेत काहीच आडवं नाही. १५ ऑगस्ट १९९४ ला मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू झाली, तिचं नाव डीडी-१०. २००० मध्ये ती 'सह्याद्री' झाली. ज्या डोंगरानं लहरी अडवल्या त्याचंच नाव, डोंगर ओलांडणाऱ्या वाहिनीला.

जाण्याची दिशा अशी सुटली. येण्याची?

चित्रण फिल्मवरून व्हिडिओ कॅसेटवर आलं होतं, धुण्याचा वेळ वाचला होता. पण कॅसेट हलवावी लागतच होती. जिल्ह्यातला स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेला, बातमीमागं पैसे मिळणारा प्रतिनिधी, शूटिंग करून कॅसेट पुठ्ठ्याच्या खोक्यात घालायचा आणि एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायचा. सोबत एक कागद: कोण कुठं उभं आहे, कुणाचं नाव काय, कुठला बाइट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, वापरायचा. कागद हरवला तर संपादन करणाऱ्यानं अंदाज बांधायचा. आमदाराच्या जागी सरपंचाचं नाव पडद्यावर झळकायचं ते असंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मुंबईपासून साधारण पाचशे किलोमीटर. घटनास्थळी व्हॅन उभी करून तिथूनच चित्र आकाशात फेकायची सोय तेव्हा सर्रास नव्हती. प्रक्षेपण काही क्षणांत सगळ्या राज्यात पोहोचत होतं, पण जे प्रक्षेपित करायचं ते आधी रस्त्यानं, रेल्वेनं किंवा विमानानं आणावं लागे.

यात एक गोष्ट सरकारी असण्याचीही होती. प्रादेशिक वृत्त विभाग सरकारी चौकटीत चाले. दूरदर्शन-आकाशवाणीला स्वायत्तता देणारा प्रसार भारती कायदा १९९० चा, पण तो अमलात आला १९९७ मध्ये. जिल्ह्याची बातमी म्हणजे बहुधा पालकमंत्र्यांनी कापलेली फीत. हे सगळं खरं. पण एक मात्र मान्य करावं लागेल: त्या बातम्यांत कुणी ओरडत नसे, आणि गावाचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी पत्र यायचं. परंडा की परांडा, अंबाजोगाई की आंबेजोगाई, यावर निवेदक खरंच डोकं लावायचे. आज अँकर टेलिप्रॉम्प्टरवर येईल ते वाचतो.

खासगी वाहिन्यांनी बदल केला तो इथं, येण्याच्या दिशेत. जुलै २००० मध्ये ईटीव्ही मराठी आली. तिचा बाडबिस्तारा मुंबईत नव्हता, हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत होता. आता जरा सिरोंच्याचा नकाशा आठवा. बातमीच्या मुख्यालयापासूनचं अंतर पहिल्यांदाच हजार किलोमीटरवरून तीनशेच्या आत आलं, आणि ते मुख्यालय राज्याबाहेर होतं! त्यांच्या 'महाराष्ट्र माझा' या बातमीपत्रानं जिल्ह्याजिल्ह्यात माणसं नेमली. दुष्काळ, कापसाचा भाव, तालुक्याच्या दवाखान्यात नसलेला डॉक्टर या गोष्टी रोजच्या बातम्या झाल्या. मराठी टीव्ही बातमीच्या इतिहासातलं सर्वात मोठं वळण मी यालाच म्हणेन, चोवीस तासांच्या वाहिन्यांना नाही.

त्या आल्या पुढं. २००७ मध्ये झी २४ तास, त्याच वर्षी स्टार माझा, जी २०१२ मध्ये एबीपी माझा झाली. २००८ मध्ये आयबीएन लोकमत. वेळ पंधरा मिनिटांवरून चोवीस तासांवर गेली. त्याच हिशोबानं प्रत्येक जिल्ह्याला २५ सेकंदांऐवजी रोज ४० मिनिटं मिळायला हवी होती. मिळाली का? एकच बातमी दिवसभर फिरते आणि तीही बहुतेकदा मुंबईतल्या कुठल्या तरी बंगल्याबाहेर उभ्या असलेल्या वार्ताहराची. उभं राहायला स्वस्त जागा तीच. ओबी व्हॅन, म्हणजे छतावर बशी असलेली गाडी, मुंबई-पुण्यात असते. सिरोंच्याला पाठवायची तर डिझेल, ड्रायव्हर, दोन दिवस. राजकारणाच्या चर्चेला चार खुर्च्या पुरतात.

याच्या मुळाशी मोजणीही आहे. टीआरपी म्हणतात ती कशी निघते हे थोडक्यात सांगतो, कारण शिव्या सगळेच देतात पण हिशोब कुणी बघत नाही.

२०१५ पासून हे काम 'ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल', म्हणजे बार्क, ही संस्था करते. वाहिनीच्या आवाजात कानाला न ऐकू येणारा एक संकेत मिसळलेला असतो. निवडक घरांत बसवलेलं यंत्र तो ओळखतं आणि कुठली वाहिनी किती वेळ लागली हे नोंदवतं. घरातल्या प्रत्येकानं आपलं बटण दाबायचं, म्हणजे कोण बघतंय तेही कळतं. काही वर्षांपूर्वीच्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी, यंत्रं ५५ हजारांच्या आसपास. म्हणजे एक यंत्र सरासरी ३,८०० घरांच्या वतीनं बोलतं. भाताचं शीत दाबून बघण्यासारखंच हे, आणि संपूर्ण राज्यासाठी ते चालतंही. पण महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजारपेठ धरली जाते. त्यात एका दुर्गम तालुक्याच्या वाट्याला किती यंत्रं येणार? बहुधा एकही नाही. सिरोंच्यातल्या लोकांनी दिवसभर टीव्ही लावला काय आणि बंद ठेवला काय, आकडा हलत नाही.

आता दोन शब्द सुटे करू, कारण वाहिन्या ते मुद्दाम एकत्र कालवतात. एक 'रीच', दुसरा सरासरी प्रेक्षक. समजा १०० घरं आहेत आणि अर्ध्या तासाचे दोन कार्यक्रम. पहिल्यावर ४० घरं थांबली, पण प्रत्येकी तीनच मिनिटं. दुसरा फक्त १० घरांनी पाहिला, पण पूर्ण. पहिल्याची रीच ४० टक्के, दुसऱ्याची १०. सरासरी काढली की उलटं होतं: पहिल्याचं ४० गुणिले ३ भागिले ३०, म्हणजे ४, दुसऱ्याचं १०. 'आम्ही राज्यात सर्वाधिक घरांत पोहोचतो' आणि 'आम्ही सर्वाधिक पाहिलं जाणारं बातमीपत्र' ही दोन वेगवेगळ्या वाहिन्यांची वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. २०२० च्या ऑक्टोबरात रेटिंगमधल्या गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले होते. ते परत आले मार्च २०२२ मध्ये, तेही चार आठवड्यांची सरासरी काढून, म्हणजे एका आठवड्याच्या उडीनं कुणी नाचू नये.

दूरदर्शनची गोष्ट या मोजणीत जरा वेगळी बसते. कायद्यानं प्रत्येक केबलवाल्याला दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवाव्याच लागतात, त्यात राज्याच्या भाषेतलीही आली. शिवाय डिसेंबर २००४ पासून महिना-पैसे न भरता चालणारी बशी आहे, आजचं नाव डीडी फ्री डिश. देशात ती ४ कोटींहून जास्त घरांत असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे सह्याद्रीच्या बातम्या 'पोहोचतात' त्या घरांची संख्या प्रचंड. त्यातली किती घरं सात वाजता तिथं थांबतात, हा निराळा हिशोब. आणि ज्या मनोऱ्यांनी ही सगळी गोष्ट सुरू केली त्यांचं जुनं जमिनीवरचं प्रक्षेपण २०२२ पर्यंत देशभर जवळपास बंद करण्यात आलं, मोजकी मोक्याची ठिकाणं सोडून. मनोरा असून तो गप्प आहे, अशी गावं आता कितीतरी.

मग सिरोंच्याचा पूर आज कसा येतो? वार्ताहराच्या पाठीवरच्या पिशवीत चार-सहा सिमकार्डांचं यंत्र असतं. ते चित्राचे बारीक तुकडे करतं, ज्या कंपनीची रेंज मिळेल तिच्यावरून पाठवतं आणि दुसऱ्या टोकाला ते पुन्हा जोडले जातात. एका सिमची रेंज गेली तरी चित्र तुटत नाही. पण हे यंत्र त्या भागात असायला हवं, आणि बहुधा नसतं. मग डेस्कवरचा मुलगा तिथल्या स्ट्रिंगरला फोन लावतो. स्ट्रिंगर म्हणतो, पुलावर पाणी आहे, पलीकडच्या गावातल्या एकानं मोबाइलवर काढलंय, पाठवतो. व्हॉट्सअॅपवर एकोणीस सेकंदांची क्लिप येते. डेस्कवरचा ती उघडतो आणि उलट मेसेज टाकतो: 'दादा, उभा व्हिडिओ आहे. आडवा मिळेल का?'